न विझवलेला दिवा

३ मार्च, मंगळवार

आणि वर मलाच म्हणायचं विझवणारी! स्वतः दुसरा सीझन संपल्यावर उठून चालती झालीस, पुढचं काही बघितलं नाहीस, आणि बॅग उचलता उचलता तोंडावर फेकून गेलीस, "आई, तू त्या मालिकेतली विझवणारी आहेस. मुखवट्यासकट." अगं, शिवी द्यायची तर आधी पुरती माहिती तरी काढायची.

वर्ष होत आलं. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. मी चार यत्ता शिकलेली बाई, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नकोस. मोठ्याने वाच, म्हणजे कळेल. आणि तुझ्या त्या दातांच्या दवाखान्यात लोकांना "बसा, नंबर आला की बोलावते" म्हणतेस ना, तसं मला बसवून ठेवू नकोस. आशीर्वाद शेवटी, उरले तर.

तर मी ते कार्टून बघितलं. "ॲनिमे म्हण गं आई, ॲनिमे," करायचीस. बरं, ॲनिमे. तुझा टीव्ही मी उचलून दुकानात आणला, कपड्यांच्या फळीवर ठेवला. तुझा दादा तुरुंगात गेल्यापासून आणि तू निघून गेल्यापासून घरात बघायला आहे कोण? दिवसभर मी इस्त्री करते आणि ते चालू असतं. शेजारचे शिंपीभाऊ काजं करायला इकडेच येऊन बसतात. पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, हे लहान मुलांचं आहे का?" तेवढ्यात त्यात एकाचा हात तुटला. "नाही वाटतं," म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

तुला वाटतं मला काय कळणार त्यातलं. तर ऐक काय कळलं. ते शहर सगळं काळोखाचं आहे, सूर्य कधीचाच मेलाय. प्रत्येक घरावर एक निळा दिवा. दिवा आहे तोवर घर वाचतं, विझला की अंधारातली ती दातवाली जनावरं आत शिरतात. आणि ही बाई, लांब आकडीची काठी घेऊन, तोंडावर लाकडी मुखवटा लावून गल्लीगल्लीत येते आणि एकेक दिवा विझवत जाते. आणि तो पांढऱ्या केसांचा पोरगा ते परत पेटवतो. झालं. तो चांगला, ही वाईट. तू तिथेच थांबलीस.

तिसऱ्यात काय निघालं माहीत आहे? तो निळा दिवा तेलावर जळत नाही. तो पलीकडच्या गल्लीतल्या माणसांच्या आयुष्यावर जळतो. इथे एक घर उजळ, तिथे एक म्हातारी होऊन मेलेली पोर. विझवणारी हिशेबाने विझवत होती, दोन्हीकडची थोडी थोडी माणसं जगावीत म्हणून. आणि तुझा तो लाडका पोरगा बहिणीच्या प्रेमापोटी आपली अख्खी गल्ली पेटवून बसला! पलीकडची वस्ती साफ. शिंपीभाऊंच्या हातातली सुई तशीच राहिली. "म्हणजे राक्षस हाच की," म्हणाले. मी म्हटलं, "बघा. आणि माझी पोरगी मला नावं ठेवते."

तू घरी बघायचीस तेव्हाच मी तुला सांगितलं होतं आणि तू हसली होतीस, आता परत सांगते. मी ते डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त बघते, डोळे इस्त्रीवर लागतात. मुखवट्याच्या आत त्या पोराची आईच आहे. त्याच्या स्वप्नात येऊन त्याला थोपटते ना, तिचा आणि विझवणारीचा आवाज एकच आहे. तोच. "बाळा" म्हणताना जसा घसा बसतो, तसाच "विझव" म्हणताना बसतो. माझे कान फसायचे नाहीत. मुखवटा निघेल तेव्हा आई निघेल, आणि कळेल की तिने जे केलं ते पोराच्याच भल्याचं केलं. मग बोल माझ्याशी.

तुझ्या दादाला मी पोलीस चौकीत दिला. हो, मी दिला. कोणी मला धरून नेलं नव्हतं, माझ्या पायांनी गेले. गाडीखाली माणूस आला होता, कुत्रं नाही. रात्रपाळी करून सायकलवरून घरी चाललेला चौकीदार. त्याला रस्त्यात तसाच टाकून तुझा दादा निघून आला, आणि माझ्याकडे चहा मागितला. चहा मी दिला. मनापासून दिलेला तो शेवटचा.

मला त्याचं वाईट वाटतं का, असं विचारणार असशील तर विचारू नकोस. माझं जे व्हायचं ते होतं, दुकान उघडते, इस्त्री तापते.

आई

९ मार्च, सोमवार

पत्र मिळाल्याचं कळलं. वर्षभरानंतर मुलीचा फोनवर निरोप येतो, आणि त्यात काय असतं? "आई, आवाज एक म्हणजे माणूस एक नसतं. ते डबिंग आहे. एकच बाई चार जणींचे आवाज काढते." संपलं. कशी आहेस नाही, दादा कसा आहे नाही. कार्टूनबद्दल विचारलं नव्हतं त्याचं उत्तर दिलंस आणि जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाहीस. शिकलेल्या लोकांचं हे मला फार आवडतं.

पण खरं निघालं तुझं. काल मुखवटा निघाला. त्याची आई नाही. कोणीतरी भलतीच बाई, माझ्याएवढी, कानाजवळ भाजल्याचा व्रण. त्या पोराचं आणि तिचं काही नातं नाही. मी आपटले तोंडावर. शिंपीभाऊ खो खो हसले. म्हणाले, "ताई, त्यातल्या मांजराचा आवाज पण तीच बाई काढत असेल, मग मांजर पण आईच का?" मी म्हटलं, "तुम्ही काजं करा."

मग दिवसभर डोक्यात तेच. एका घशातून थोपटणारी पण निघते आणि विझवणारी पण. ती डबिंगवाली बाई सकाळी एक बोलत असेल आणि दुपारी दुसरं, आणि संध्याकाळी घरी जाऊन स्वतःच्या पोराला हाक मारताना कुठला आवाज काढत असेल? तिला तरी कळत असेल का? तू म्हणतेस माणूस एक नसतं. मला विचार. असतं.

दुसरी गोष्ट. टीव्ही बिघडला असं मला वाटलं होतं. मी संध्याकाळी अर्ध्यावर बंद करून जावं, तर सकाळी भाग संपून पुढचा लागलेला. परत तसंच. शिंपीभाऊंना दाखवलं. त्यांनी तो लाल पट्टा बघितला, किती बघून झालं ते दाखवतो तो, आणि म्हणाले, "बिघडलं नाही ताई. तुमची लेक तिकडून बघतेय. खातं एकच ना." म्हणजे फोन बंद केलास आणि टीव्ही चालू ठेवलास! बाईसाहेब माझ्या मागून मागून येताहेत, मी जिथे थांबते तिथून पुढे. काही म्हणत नाही मी. बघ. फुकट आहे तोवर बघ.

आता चौकीदाराचं सांगते, कारण तू निघालीस तेव्हा ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतीस आणि मीही सांगायच्या नव्हते.

त्याची बायको दुकानात आली. हातात पिशवी, पिशवीत खाकी गणवेश, रक्ताने कडक झालेला.

"डाग निघेल ना हो ताई? कंपनीला परत द्यायचाय."

"कोणाचा आहे?"

"आमच्या यांचा. गाडीने उडवलं. पाय गेला कामातून, आता ठेवणार नाहीत म्हणाले. कपडे धुऊन आणून द्या म्हणाले."

"गरम पाणी लावलंत?"

"लावलं."

"कशाला लावलंत!" मी एवढ्या जोरात ओरडले की ती मागे सरली. गरम पाण्याने रक्त कापडात बसतं, हे तुला मी शाळेत जायच्या आधी शिकवलंय. तिला कोण शिकवणार?

माणूस रस्त्यावर पडतो, कंपनी त्याचा पाय बघत नाही, कपडे मागते. बघ, तुझ्या ॲनिमेत पण अशी कंपनी घातली असती तर लोक म्हणाले असते, काहीतरीच दाखवतात.

ती गेली आणि मी कामाला लागले. पँट धुवायला टाकण्याआधी खालची दुमड उलटून झटकायची, ही आपली पद्धत. माती असते, तिकिटं असतात, एकदा कोणाचा तरी दात निघाला होता, आठवतं ना? तू किंचाळली होतीस. ह्या दुमडीतून नारिंगी काच निघाली. नखाएवढी. दादाच्या गाडीच्या पुढच्या इंडिकेटरची तशीच काच मी अंगणातून झाडून काढली होती, आणि सुपलीत अजून पडून होती. जोडून बघितली. जुळली.

मग मी काय केलं असेल? तुला वाटतं तशीच उठून चौकीत पळाले. नाही. मी आधी डाग काढला. थंड पाणी, मीठ, परत थंड पाणी, हाताने चोळून चोळून. बोटं सोलली. इस्त्री केली, घडी घातली, तिला कपडे दिले, आणि ती "देव तुमचं भलं करो" म्हणाली. मग गेले चौकीत. साहेब म्हणाला, "बाई, रक्ताचे कपडे आहेत का?" मी म्हटलं, "धुतले." का धुतले म्हणून विचारलं. मी म्हटलं, "माझं काम आहे." अजून विचारलं असतं तर अजून काहीतरी सांगितलं असतं.

मधे किती दिवस गेले ते मी सांगणार नाही. तू मोजत बसशील.

आई

१५ मार्च, रविवार

आज शिंपीभाऊंना मी दुकानातून हाकलून दिलं. माझी चूक नाही, ते बोललेच तसं.

तू बघितलास तो भाग, मला माहीत आहे, पट्टा पुढे सरकला होता आणि मग एका जागी येऊन थांबला. मी पण तिथेच थांबले आहे. सांगायला लाज नाही मला, एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जाळला. इतक्या वर्षांत पहिला. पाठीवर इस्त्रीचा पूर्ण ठसा.

विझवणारीला एक मुलगी आहे. कोणालाच माहीत नव्हतं. तिने शहरातले सगळे दिवे विझवले, तिचा स्वतःचा एक मुलगा होता, त्याचा सुद्धा विझवला, तो कसा ओरडत होता, आणि ही काठी वर धरून उभी, हात जरा पण हलला नाही. लोक म्हणाले, बाई आहे का दगड. आणि त्या शेवटच्या गल्लीत, भिंतीमागे, तिने एक दिवा ठेवलाय. मुलीचा. तो तसाच जळतोय. पहिल्या भागापासून जळतोय! आणि पलीकडे त्या दिव्यापायी रोज कोणीतरी मरतंय. म्हणजे तिचा न्याय सगळा खोटा. का खरा? आता ती काठी घेऊन त्या दिव्याखाली उभी आहे, मुलगी दारात, आणि भाग तिथे संपतो.

शिंपीभाऊ म्हणाले, "ही तर सगळ्यात वाईट निघाली, ताई. बाकीच्यांचे विझवले आणि आपला ठेवला. त्यापेक्षा तो पोरगा बरा, तो निदान लपवत नव्हता."

मी म्हटलं, "उठा."

"अहो, कार्टूनवरून..."

"उठा म्हटलं ना. खुर्ची माझी आहे."

"रडता काय?"

"वाफ आहे."

"इस्त्री तर बंद आहे," म्हणाले, आणि काजं न करताच गेले.

आता तू मोठ्याने वाचत असशील तर इथून पुढे मनात वाच.

त्या सकाळी दादाने तोंड उघडायच्या आधी तू म्हणालीस, "कुत्रं होतं गं आई." मी विचारलं दादाला आणि उत्तर दिलंस तू. तेव्हा मी सोडून दिलं. मग मोरीत बादली बघितली. त्याचा शर्ट थंड पाण्यात, वर मीठ पसरलेलं, बाहीची बाजू खाली दाबून ठेवलेली, वरून उलटी ताटली, शर्ट वर येऊ नये म्हणून. तुझ्या दादाला स्वतःचा मोजा धुता येत नाही. ताटली ठेवायची माझी पद्धत मी फक्त तुला शिकवली आहे. आणि कुत्र्याचं रक्त म्हणून कोणी एवढी मेहनत घेत नाही, पोरी. तुला माहीत होतं. त्याने तुला खरं सांगितलं होतं आणि तू ते धुवायला बसलीस.

चौकीत साहेबाने विचारलं, "घरात अजून कोणाला माहीत होतं?" मी म्हटलं, "कोणाला नाही." "शर्ट कोणी भिजवला?" "मी. मला कुत्रं सांगितलं होतं." कागदावर अंगठा नाही, सही केली मी, चांगली ठसठशीत. दादाला विचारलं तर तो पण म्हणाला, आईने भिजवला. त्याने तिथे माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि त्या दिवसापासून बघितलेलं नाही. आम्ही दोघांनी न ठरवता एकच खोटं सांगितलं. तेवढी एक गोष्ट आम्ही मिळून केली.

तर तू ज्या बाईला खऱ्याची मोठी पुजारीण, पोटच्या पोराला विकणारी म्हणून गेलीस, ती बाई सरकारी टेबलासमोर बसून धडधडीत खोटं बोलली. आणि परत विचारलं तर परत बोलेन. मला त्याचा पश्चात्ताप-बिश्चात्ताप नाही. दादाला दिला त्याचा नाही आणि तुला ठेवली त्याचाही नाही. दोन्हीतलं एक चूक असलं पाहिजे असं तू म्हणशील. असेल. तू शिकलेली आहेस, तू काढ शोधून कुठलं ते.

पण तू रागावून गेलीस ती माझ्यावर नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्याकडे बघितलं की तुला ती बादली दिसायची. मग काय, मुखवटा मला घातला आणि निघालीस. घाल. माझ्या तोंडाला बसतो तो. पण मालिका तरी पूर्ण बघायची होतीस.

आई

१८ मार्च, बुधवार

हे पत्र मी हातोहात पाठवते आहे. तुझ्या बाजूला जाणारी बस सकाळी निघते, तिचा चालक माझं गिऱ्हाईक आहे. दवाखान्यात आणून देईल. त्याला पाणी विचार, चांगला माणूस आहे, फक्त बोलतो फार.

दादा सोमवारी सुटतोय. सकाळी.

मी भेटायला जाते, तो बाहेर येत नाही. आतून निरोप येतो, "तब्येत बरी नाही." दर वेळी तब्येत बरी नसते. दारावरचा शिपाई आता मला ओळखतो. मागच्या वेळी म्हणाला, "मावशी, कशाला उन्हात येता? तो येणार नाही." मी म्हटलं, "मी त्याला बघायला येत नाही. मी आले होते हे त्याला कळवायला येते. कळवलंत?" म्हणाला, "कळवलं." "मग झालं." पण तो तुझ्याबद्दल विचारतो म्हणे. शिपायाला विचारतो, बहीण आली होती का.

सोमवारी त्या दारात मी एकटी उभी असले तर तो माझ्यासमोरून सरळ चालत जाईल. मला माहीत आहे, माझाच मुलगा आहे. मान वळवणार नाही. आणि एकदा तसा गेला की कुठे जाईल ते मला कळणार नाही, तुलाही नाही. तू असलीस तर थांबेल.

मी माफी मागायला बोलवत नाही. तू मागू नकोस, मी पण मागणार नाही, दोघींचा वेळ वाचेल. तू नुसती उभी राहा.

आणि एक. चौकीदार काठी घेऊन चालायला लागलाय. दुकानासमोरून जातो, हळूहळू, अंगात तोच खाकी शर्ट. कंपनीने परत घेतला नाही म्हणे शेवटी, जुना झाला म्हणून. माझ्याकडे बघून हात करतो. त्याची बायको त्याला सांगत असते, ह्याच त्या ताई, ह्यांनी डाग काढला. मी पण हात करते. रोज करते. तुला काय वाटलं, फक्त तुलाच जड जातं?

त्याच्या घरी कधी जायचं, काय सांगायचं, तुझं नाव तू तुझ्या तोंडाने घ्यायचं की नाही, ते मी तुला सांगणार नाही. तुझ्या दिव्याला मी हात लावणार नाही. ठेवला मी, आता तो तुझा.

शेवटचा भाग मी बघितलेला नाही. पट्टा अजून तिथेच आहे, त्या दारात. तू पण हलवला नाहीस. शिंपीभाऊ परत यायला लागलेत, रोज विचारतात, "लावू का?" मी म्हणते, "हात लावाल तर बोटावर इस्त्री ठेवीन." शेवट काय होतो ते कोणी मला सांगू नये, निरोपात लिहून तर मुळीच नको. बघायचा तर तिघांनी एका खोलीत बसून बघू. नाहीतर राहू दे तसाच.

शनिवारी मी संध्याकाळपर्यंत दुकानात आहे. त्या आधी मला उत्तर हवं. फोन कर, बसवाल्याकडे चिठ्ठी दे, काहीही कर, पण डबिंगबद्दल एक शब्द नको. फक्त एवढंच सांग: सोमवारी सकाळी दारात येतेस का? हो किंवा नाही. शनिवारपर्यंत.

आई